घाटात काटा वर जातो, पण आधी गाडीतलं पाणी कुठे जातंय ते बघा

प्रश्न विचारणाऱ्या दादांनी जे लिहिलंय ते थोडक्यात असं आहे. गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, नंतर बाहेरून सीएनजी किट बसवलेलं, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. राहायला कराड, महिन्यातून दोनदा चिपळूणला जाणं असतं. जाताना काही त्रास नाही, पण येताना कुंभार्ली घाट चढताना चार माणसं आणि एसी चालू असला की तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर सरकतो, मागच्या खेपेला तर लाल रेघेला टेकला. गावात गाडी एकदम नॉर्मल. दर आठ-दहा दिवसांनी अर्धा लिटर पाणी टाकावं लागतं. एक मिस्त्री म्हणाला थर्मोस्टॅट (पाणी तापलं की त्याला रेडिएटरकडे वाट उघडून देणारा वॉल्व) काढून टाका, दुसरा म्हणाला रेडिएटर (पाणी थंड करणारी पुढची जाळी) नवीन टाका, तिसरा म्हणाला हेडचं पॅकिंग (हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, इंजिन खोलायला लागेल, २५ हजार धरून चला. आता ऐकायचं कुणाचं?

माझं गॅरेज सातारा जिल्ह्यातच आहे, २२ वर्षं झाली या धंद्यात, आणि घाटात गरम झालेल्या गाड्या उन्हाळ्यात तर रोजच येतात, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही प्रश्न विचारलाय गाडी हीट होण्याबद्दल, पण तुमच्या प्रश्नातली खरी महत्त्वाची ओळ ती अर्धा लिटर पाण्याची आहे आणि ती तुम्ही जाता जाता लिहिलीये. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते पाणी, बंद सर्किटमध्ये फिरतं. पेट्रोलसारखं ते खर्च होत नाही. धडधाकट गाडीत वर्षभरात कूलंटच्या बाटलीतली लेव्हल बोटभर खाली आली तर आली. दहा दिवसांत अर्धा लिटर जातंय म्हणजे ते कुठून तरी बाहेर पडतंय नाहीतर सिलिंडरमध्ये जळतंय, तिसरी शक्यता नाही. तिघांपैकी एकानेही ते कुठे जातंय हे शोधलेलं दिसत नाही, तिघांनी थेट पार्टचं नाव सांगितलं. म्हणून आत्ता तरी तिघांचंही ऐकू नका. त्यातला एखादा बरोबर निघेलही, तिसराही निघू शकतो, पण टेस्ट न करता सांगितलेलं बरोबर उत्तरसुद्धा अंदाजच असतो आणि त्या अंदाजाचे पैसे तुमच्या खिशातून जातात.

आता हे सगळं गाडी समोर नसताना लिहितोय, त्यामुळे अमुकच झालंय असं मी छातीठोक सांगणार नाही. किट कुणी कसं बसवलंय, पाणी कुठलं टाकत होता, लाल रेघेला काटा टेकल्यावर गाडी किती वेळ चालवली, यावर बरंच अवलंबून आहे. खासकरून शेवटची गोष्ट. लगेच थांबला असाल तर बहुतेक वाचलात. "पुढे ढाबा आहे तिथे थांबू" म्हणून दोन-तीन किलोमीटर ओढली असेल तर हेडबद्दल मला काळजी वाटते.

गाडी कधी गरम होते यावरून बराच अंदाज लागतो, ते आधी समजून घ्या. इंजिनात जेवढं पेट्रोल जळतं त्याचा ढोबळ तिसरा हिस्सा चाकाला मिळतो, तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून जातो आणि उरलेल्या तिसऱ्या हिश्श्याची उष्णता कूलंटला वाहून न्यावी लागते. सिग्नलला उभी असताना गरम होते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो, अशी गाडी असेल तर वाऱ्याचा प्रॉब्लेम, म्हणजे फॅन, फॅनचा रिले (फॅन चालू-बंद करणारा विजेचा स्विच), फ्यूज, सेन्सर. याच्या उलट गावात ठीक आणि चढावर किंवा शंभरच्या स्पीडला गरम, तर तयार होणारी उष्णता जास्त आणि वाहून नेणारं पाणी कमी पडतंय. म्हणजे एकतर कूलंटच कमी आहे, किंवा रेडिएटर आतून चोंदलाय, थर्मोस्टॅट अर्धवट उघडतोय, वॉटर पंपाची पाती झिजलीत, नाहीतर हेड गॅस्केटमधून लोडवर गॅस पाण्यात घुसतोय. तुमची गाडी या दुसऱ्या गटात बसते.

पण घाटाच्या बाबतीत एक गंमत आहे जी पुण्या-मुंबईच्या सपाट रस्त्यावर शिकलेल्या पोरांच्या लक्षात येत नाही. घाटात लोड हायवेचा असतो पण वारा गावातला असतो. पुढे भरलेला ट्रक, तुम्ही दुसऱ्या गिअरला वीसच्या स्पीडने त्याच्या मागे, समोरून वारा जवळजवळ नाहीच, वर एसीच्या कंडेन्सरची (रेडिएटरच्या पुढे असलेल्या एसीच्या जाळीची) गरम हवा रेडिएटरवर. त्यामुळे "गावात ठीक म्हणजे फॅन ठीक" असं धरून चालत नाही. बऱ्याच गाड्यांत फॅनला दोन स्पीड असतात, त्यातला हाय स्पीडचा रिले गेलेला असेल तर लो स्पीडवर गावात भागून जातं आणि घाटात कमी पडतं. चेक करायला सोपं आहे. गाडी न्यूट्रलला उभी करून एसी लावा, बॉनेट उघडून बघा फॅन फिरतो का, मग एसी बंद करून पंधरा-वीस मिनिटं इंजिन चालू ठेवा आणि पाणी तापल्यावर तो आपोआप लागतो का, जोर वाढतो का, आणि थोड्या वेळाने बंद होतो का ते बघा. फॅन चालू असताना पुढच्या जाळीसमोर वहीचा कागद धरला तर तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. कागद बाहेर ढकलला गेला तर फॅन उलटा फिरतोय. हसू नका, मोटर बदलताना वायर उलट्या जोडल्याने हे होतं आणि मी असल्या दोन गाड्या बघितल्यात.

आता मूळ मुद्द्यावर, पाणी कुठे जातंय. सुरुवात सकाळी थंड इंजिनवर करायची. गरम इंजिनचं झाकण कधीही उघडू नका. आत पाणी शंभरच्या वर तापलेलं असतं, उकळत नाही ते फक्त दाबामुळे. झाकण फिरवलं की दाब जातो आणि एका सेकंदात त्याची वाफ होऊन हातावर-तोंडावर येते. आमच्याकडे काम करणाऱ्या एका पोराचा हात असा भाजला होता, तेव्हापासून गॅरेजचा नियम आहे, वरचा होज पाईप (इंजिन आणि रेडिएटर जोडणारा रबरी पाईप) हाताने आरामात दाबता आला तरच झाकणाला हात लावायचा.

थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा आणि आत बघा. नुसती प्लॅस्टिकची बाटली बघून समाधान मानू नका, इथे खूप लोक फसतात. ज्या गाड्यांत झाकण थेट रेडिएटरवर असतं त्यात बाटली हे फक्त साठवण असतं. झाकणाला दोन वॉल्व असतात, एक दाब वाढला की जास्तीचं पाणी बाटलीत सोडतो, दुसरा इंजिन थंड झाल्यावर तेच पाणी बाटलीतून परत आत ओढून घेऊ देतो. हा दुसरा वॉल्व चिकटला किंवा बाटलीकडे जाणारी बारकी नळी तडकली की पाणी परत येत नाही. मग बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर वितभर रिकामा. तुम्ही अर्धा लिटर बाटलीत टाकता की रेडिएटरमध्ये हे लिहिलेलं नाही, तेवढं बघा. सकाळी होज पाईप आत चपटा झालेला दिसला तर समजा झाकणाचा तो छोटा वॉल्व गेला.

झाकणाबद्दल अजून थोडं सांगतो कारण सगळ्यात स्वस्त पार्ट हाच आणि सगळ्यात दुर्लक्षित पण हाच. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा कोरलेला असतो, तो दाब आहे, बारमध्ये. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, १.१ बारचा दाब दिला की साधारण १२० च्या पुढे जातं. उंचावर तेच पाणी लवकर उकळतं, महाबळेश्वरला तर ९५-९६ अंशांनाच. थर्मोस्टॅटच मुळी ८२ ते ८८ ला उघडायला लागतो, इंजिन ९०-१०० च्या आसपास चालतं, म्हणजे झाकण दाब धरत नसेल तर घाटमाथ्यावर तुमच्या आणि उकळीच्या मधे काहीच उरत नाही. रबर चपटं झालेलं, कडेला चिरलेलं दिसलं तर दुसरा विचार न करता त्याच आकड्याचं नवीन झाकण घ्या. जास्त आकड्याचं नको, "दाब जास्त म्हणजे चांगलं" असं म्हणून लोक बसवतात आणि मग जुना होज फुटतो.

मग गाडीखाली आणि बॉनेटमध्ये टॉर्च घेऊन नीट बघा. कूलंट सुकलं की पांढरा, हिरवा किंवा गुलाबी डाग राहतो. वॉटर पंपाच्या (आपल्याकडे बरेच जण वॉटर बॉडी म्हणतात) पुलीच्या खाली एक बारीक भोक असतं, सील गेलं की तिथून थेंब येतो आणि खाली डागाची रेघ ओढली जाते. रेडिएटर आजकाल ॲल्युमिनियमचा आणि वरच्या-खालच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात, जिथे दोन्ही एकमेकांत दाबून बसवलेलं असतं त्या सांध्याला गळती येते आणि ती फक्त गरम झाल्यावर दिसते. आतलं पुढचं डावीकडचं कार्पेट उचलून हात लावा, ओलं-चिकट लागलं आणि आत गोडसर वास येत असेल, काचेवर तेलकट धुकं धरत असेल, तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय.

आणि आता तुमच्या गाडीत माझा पहिला संशय जिथे आहे ते. सीएनजी किट. २०० बारने भरलेल्या गॅसचा दाब रेड्यूसरमध्ये (किटमधला दाब कमी करणारा भाग) एकदम खाली उतरतो तेव्हा गॅस भयंकर थंड होतो, रेड्यूसर गोठू नये म्हणून त्याला इंजिनच्या गरम कूलंटने ऊब द्यावी लागते. त्यासाठी किटवाले हीटरची लाईन कापून त्यात दोन टी (तीन तोंडाचे जोड) बसवतात आणि तिथून होज काढतात. म्हणजे कंपनीच्या सर्किटमध्ये चार-सहा नवीन सांधे वाढले. कुठे प्लॅस्टिकचे टी असतात, कुठे साध्या पाण्याच्या पाईपला लावतात तसल्या क्लिपा, आणि हे सगळं बॅटरीच्या मागे फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) कोपऱ्यात, जिथे कुणाची नजर जात नाही. शिवाय ते गरम सायलेन्सरच्या जवळ असलं तर गळलेला थेंब खाली पडायच्या आतच वाफ होतो, जमिनीवर काहीच दिसत नाही, आणि मग मिस्त्री म्हणतो "बाहेर गळत नाही, म्हणजे हेड".

हे मी एवढ्या खात्रीने सांगतोय कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. धंद्यात चार-पाच वर्षं झाली होती, एका शाळामास्तरांची गाडी आली, पाणी जातंय, गळती दिसत नाही, चढाला गरम. मी हेड खोललं. गॅस्केट चांगलं, हेड सरळ. तरी खोललंच आहे म्हणून नवीन गॅस्केट टाकून जोडलं, आठवड्यात गाडी परत, पाणी पुन्हा कमी. शेवटी प्रेशर पंप लावून बसलो तर किटच्या टीला केसाएवढी चीर. दीडशे रुपयांचं काम होतं. मास्तरांचे मजुरीचे पैसे परत दिले, पण त्यांची दहा दिवस गाडी बंद राहिली आणि ते रोज एसटीने शाळेला गेले हे अजून माझ्या डोक्यात आहे. दुसऱ्या दिवशी जाऊन स्वतःचा प्रेशर टेस्टर, म्हणजे तसलाच हातपंप, विकत घेतला.

तुमच्यासाठीही तीच टेस्ट पहिली करायची. हा हातपंप झाकणाच्या जागी बसतो, झाकणावरच्या आकड्याएवढा दाब भरायचा आणि दहा-पंधरा मिनिटं पंपावरचा काटा बघत बसायचं. काटा उतरला तर कुठेतरी गळतंय, मग शोधायचं. एकदा थंड इंजिनवर करायची कारण थंडीत क्लिपा सैल पडतात आणि काही गळत्या तेव्हाच दिसतात, एकदा कोमट इंजिनवर. ज्या गॅरेजमध्ये हा पंप नाही तिथे हेड खोलायला गाडी देऊ नका, एवढं मी स्पष्ट सांगतो. रेड्यूसरची अजून एक खूण म्हणजे गॅसवर चालवताना त्याच्यावर पांढरं बर्फासारखं दव धरत असेल तर त्याला गरम पाणी पोचत नाहीये, म्हणजे पाणी कमी आहे किंवा लाईनमध्ये हवा अडकलीये.

आता हेडचं पॅकिंग. ते गेलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर त्याच्या खुणा वेगळ्या असतात. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटाभरात वरचा होज दगडासारखा कडक होतो. पाणी तापलेलंच नाही मग दाब कुठून आला, तर सिलिंडरमधून. झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं तर पाण्यात सलग बुडबुडे येत राहतात (पहिले थोडे आले तर घाबरू नका, अडकलेली हवाही तशी निघते, पण ती थांबते). सकाळी पहिल्या स्टार्टला एक सिलिंडर मिस मारतो आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर गोड वासाचा येतो, जो गाडी तापल्यावरही थांबत नाही. ऑइलची कांडी किंवा ऑइलचं झाकण काढल्यावर दूध घातलेल्या चहाच्या रंगाचा फेस दिसतो. पण इथे सांभाळून, रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत हिवाळ्यात नुसत्या दमटपणाने झाकणाला आतून असला पिवळट फेस धरतो, तेवढ्यावर निकाल देऊ नका, कांडीवरचं ऑइल स्वच्छ आहे का ते बघा.

पक्की टेस्ट म्हणजे निळ्या लिक्विडची. एक काचेची नळी असते, ती रेडिएटरच्या तोंडावर लावून वरची हवा त्या निळ्या पाण्यातून ओढायची, जळलेला गॅस असेल तर निळं पिवळं होतं. पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्या बाबतीत त्रास लोडवरच होतोय, म्हणून नुसतं उभं करून टेस्ट न करता आधी गाडी पाटणच्या रस्त्याला चांगली ताणून आणा, परत आल्यावर पूर्ण निवू द्या, मग थंड असताना झाकण उघडून इंजिन चालू करून टेस्ट करा. ती दोनदा निळी राहिली, प्रेशर टेस्टमध्ये गळती सापडली, तर हेडचा विषय डोक्यातून काढून टाका.

थर्मोस्टॅट काढून टाका असं जे सांगितलं त्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं, कारण हा सल्ला आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलाय. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत ते खपून जायचं. आताच्या गाडीत कॉम्प्युटर पाण्याचं तापमान बघून पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो, थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन पूर्ण तापतच नाही, कॉम्प्युटरला वाटतं अजून थंड आहे, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइल खराब होतं. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो, तो काढला की बरंच पाणी रेडिएटरला न जाताच गोल फिरत राहतं आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त गरम होते. संशय असेल तर काढून पातेल्यात पाणी घेऊन दोरीने लोंबकळत ठेवा, थर्मामीटर टाका आणि गॅसवर तापवा. त्यावर कोरलेल्या आकड्याला उघडायला लागला आणि उकळी यायच्या आधी पूर्ण उघडला तर ठीक, नाहीतर नवीन टाका. गाडीवर असताना ढोबळ खूण अशी की काटा वर गेलेला आहे, वरचा होज चटका देतोय आणि खालचा थंडगार, म्हणजे एकतर थर्मोस्टॅट अडकलाय किंवा रेडिएटर चोंदलाय.

रेडिएटरबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे, आणि इथे तुमचं ते पाणी टाकणं परत येतं. छोट्या हॅचबॅकच्या सर्किटमध्ये जेमतेम चार लिटर कूलंट असतं. दर दहा दिवसांनी अर्धा लिटर जाऊन साधं पाणी येतंय म्हणजे दरवेळी आठवा हिस्सा पातळ होतोय. हिशोब करा, पाच-सहा महिन्यांत मूळ कूलंटचा आठवा हिस्सासुद्धा उरत नाही, नुसतं पाणीच फिरत असतं. कूलंट म्हणजे रंगीत पाणी नव्हे, त्यात गंज आणि क्षार धरू नयेत म्हणून औषधं असतात, ती गेली की ॲल्युमिनियम खायला लागतं. त्यात तुम्ही बोअरचं पाणी टाकत असाल तर पाणी तापवायच्या बंबाला आतून जसा पांढरा थर धरतो तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांना आणि इंजिनच्या आतल्या भिंतींना धरतो. पाणी वाफ होऊन जात असेल तर अजून वाईट, वाफ जाते आणि क्षार आतच राहतात. म्हणजे गळती हे मूळ दुखणं असलं तरी वर्षभर पाणी टाकून टाकून रेडिएटर अर्धा चोंदलेला निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही, आणि मग दुसऱ्या मिस्त्रीचंही थोडं बरोबर निघेल.

ते बघायला इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो, तो पिस्तुलासारखा असतो. गाडी चांगली गरम झाल्यावर इंजिन बंद करून रेडिएटरच्या जाळीवर सगळीकडे मारायचा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तापमान हळूहळू उतरत गेलं तर ठीक, मधेच थंड पट्टे दिसले तर त्या नळ्या बंद आहेत. चकचकीत ॲल्युमिनियमवर मारू नका, आकडा चुकीचा येतो, काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मारा. जुने पितळेचे रेडिएटर खोलून सळई मारून साफ व्हायचे, आताच्या प्लॅस्टिक टाकीच्या रेडिएटरला ते जमत नाही, जास्त चोंदला असेल तर बदलणंच बरं. पण त्याआधी बाहेरून बघा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत ऊस तोडणीच्या दिवसांत पाचटाचा भुगा, किडे, चिखल असा अक्षरशः नमदा बसतो, पुढून दिसत नाही. फॅनचा डबा सैल करून इंजिनच्या बाजूने बाहेर असं कमी दाबाने पाणी मारा. सर्व्हिस सेंटरच्या फवाऱ्याने जवळून मारलं तर पात्या वाकून वारा कायमचा बंद होतो. आणि फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर कुणी काढून टाकलं असेल तर परत बसवा, ते शोभेसाठी नसतं.

लीक बंद करायची पावडर किंवा आपली हळद टाकायचा सल्ला कुणी देईल. रानात अडकलात आणि घरी पोचायचंय तर वेगळी गोष्ट, नाहीतर नको. ती हळद गळतीच्या भोकात बसते तशीच हीटरच्या आणि तुमच्या रेड्यूसरच्या बारीक वाटेतही बसते.

समजा टेस्टमध्ये हेडच निघालं. मग काम करून घ्याच, पण कसं होतंय त्यावर लक्ष ठेवा. हेड काढल्यावर ते साफ करून आडवी सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने (बारीक फट मोजायच्या पातळ पात्यांनी) वाक बघायला सांगा, तुमच्यासमोर. बऱ्याच छोट्या इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या वर वाक चालत नाही, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. वाकलं असेल तर फेसिंग (मशीनवर घासून सपाट करणं) करावं लागतं, पण तेही किती करायचं याला मर्यादा आहे. लाल रेघेला टेकलेली गाडी असल्यामुळे क्रॅकसाठी हेडची प्रेशर टेस्टही करून घ्या. जिथे कंपनीने हेड बोल्ट एकदाच वापरायचे म्हणून सांगितलंय तिथे नवीनच टाका आणि ते टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), ठरलेल्या क्रमाने आवळले पाहिजेत. हाताच्या अंदाजाने आवळलेलं हेड सहा महिन्यांनी परत येतं.

काहीही दुरुस्ती झाली तरी शेवटी भरणं नीट झालं पाहिजे. जुनं पाणी पूर्ण काढून, डिस्टिल्ड वॉटरने एक-दोनदा धुवून, मग तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे कूलंट सांगितलंय तेच भरा. हिरवं-लाल-निळं यावर जाऊ नका, रंगाचा काही नियम नाही, वेगवेगळे प्रकार एकत्र केले की कधीकधी आत चिखल होतो. कूलंट घट्ट, म्हणजे पाणी न मिसळलेलं, मिळत असेल तर अर्धं डिस्टिल्ड वॉटर घाला, डब्यावर तयार मिक्स लिहिलं असेल तर काही घालू नका. गाडीचं तोंड थोडं चढाला करून, हीटर फुल गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत जा. तुमच्या गाडीत रेड्यूसर उंचावर असेल तर हवा तिथेच अडकते, त्याचा होज वरच्या बाजूला किंचित सैल करून हवा काढावी लागते. हे न केल्यामुळे चांगलं काम केलेली गाडी दुसऱ्या दिवशी गरम झालेली मी किती वेळा बघितलीये.

हे सगळं होईपर्यंत घाटात जाऊ नका असं सांगेन, पण जावंच लागलं तर काटा अर्ध्याच्या वर हलला की लगेच एसी बंद, काचा खाली, हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल. माणसांना उकडेल पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे. मोठ्या गिअरला गाडी रडवू नका, खालच्या गिअरला थोडं आरपीएम असू द्या म्हणजे पंप जोरात फिरतो. तरी काटा चढतच राहिला, किंवा हीटरमधून अचानक थंड हवा आली, तर समजा पाणी गेलंय, पहिल्या सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. वाफ दिसत नसेल, पाणी असेल आणि फॅन चालू असेल तर दोन मिनिटं आयडलवर ठेवलं तरी चालतं. चाकाला दगड लावा आणि निघताना तो दगड आठवणीने बाजूला टाका, रात्री मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा जीव त्यावर असतो. पाऊण तास थांबा, झाकण त्यानंतरच, आणि पाणी इंजिन चालू ठेवून हळूहळू. तापलेल्या इंजिनवर बाहेरून किंवा आत गार पाणी ओतलं तर हेड तडकू शकतं. अजून एक, काटा लाल रेघेवरून एकदम खाली पडला तर खूश होऊ नका. पाण्याची लेव्हल सेन्सरच्या खाली गेली की सेन्सर कोरडा पडतो आणि खोटं दाखवतो, ती सगळ्यात धोक्याची वेळ.

तर दादा, सध्या खर्च काहीच करू नका. उद्या सकाळी थंड इंजिनवर रेडिएटरमध्ये आतपर्यंत किती पाणी आहे ते बघा, झाकणावरचा आकडा आणि रबराचा फोटो काढा, किटच्या दोन्ही टी आणि रेड्यूसरचे होज हाताने चाचपून बघा, आणि प्रेशर पंप असलेलं गॅरेज शोधून पंपाचा काटा किती उतरतो ते बघून घ्या. लाल रेघेला टेकल्यावर गाडी किती चालवली तेही खरं खरं लिहा. एवढं कळवलंत की पुढचं सांगतो.